मदत हवी आहे: निसर्गशिक्षणाच्या कामात मार्गदर्शकांचं मानधन कोण देतं?

रानवाट
मार्चअखेर एका कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा पैसा) संपतोय. पुढच्या वर्षी दुर्बिणी, माहितीफलक, वर्गात लावायला टीव्ही, सगळं द्यायला तयार आहेत. मानधन मात्र नाही. आणि आमचं काम माणसांवरच चालतं! गावातलीच शिकलेली मुलंमुली जिल्हा परिषद शाळांतल्या पोरांना ओढ्यावर, सड्यावर (कातळाच्या पठारावर), देवराईत नेतात. त्यांना पैसे मिळाले नाहीत तर जूनपासून ती कामासाठी शहरात जातील. मानधनाला पैसे कोण देतं ते कृपया लवकर सांगा, प्रस्ताव पाठवायचाय.

जुना_विश्वस्त
संस्था नोंदलेली आहे का? ट्रस्ट की सोसायटी? आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी नोंदणी झालीय का? सीएसआर निधी घ्यायला लागणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आहे का? किती शाळा, किती मार्गदर्शक? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

हिरवी_सावली
ताई, शाळांना रोपं द्या. वन विभागाच्या रोपवाटिकेत देशी झाडं मिळतात. वड, पिंपळ, करंज लावा, गुलमोहर नको. प्रत्येक मुलाला एक झाड दत्तक दिलं की निसर्गशिक्षण आपोआप होतं.

रानवाट
हिरवी_सावली, रोपांचा प्रश्न नाहीये. रोपं आहेत, ती ओळखायला शिकवणारी माणसं टिकवायची आहेत.

ताळेबंद
कंपनी बरोबर सांगतेय. सीएसआरमध्ये पगारावर ५ टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. कायदाच आहे तसा.

जुना_विश्वस्त
नाही हो. ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. २०२१ च्या सुधारित नियमांत व्याख्या वाचा: एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यातून वगळलाय. पोरांना ओढ्यावर नेणारा माणूस म्हणजेच अंमलबजावणी. फलकाचा खर्च प्रकल्पात धरता आणि तो फलक समजावून सांगणाऱ्याचा धरत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

ताळेबंद
नियम तसा असेल. पण कंपनीच्या सीएसआर समितीला फोटो काढता येईल अशी वस्तू हवी असते. मी लेखापरीक्षणात हेच पाहतो.

जुना_विश्वस्त
मग "कंपनी देत नाही" म्हणा, "कायदा देत नाही" म्हणू नका. लोक असं ऐकून मागणंच सोडून देतात.

माळावरचा_मास्तर
मी जि.प. शिक्षक. पैशाआधी वेळापत्रकाचं बघा. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. तुमचा उपक्रम त्यात बसवून घ्या, केंद्रप्रमुखांना आधी भेटा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. असा कागद जोडला की देणाऱ्याला दिसतं, हे सहलीचं नाही, शिकवण्याचंच काम आहे. राष्ट्रीय हरित सेनेचं (शाळांतल्या पर्यावरण मंडळांची योजना) अनुदान तुटपुंजं असतं, त्यावर माणूस उभा राहणार नाही.

गावगाडा
ग्रामपंचायतीकडे जा! वित्त आयोगाचा पैसा पडून असतो.

माळावरचा_मास्तर
गावगाडा, पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधी (ठरावीक कामाला बांधलेला नसलेला) सुद्धा पगार आणि आस्थापनेवर खर्च करायला बंदी होती. निसर्गवाटेचं काम, बसायची जागा आराखड्यात घालता येईल, मानधन नाही.

गावगाडा
बरं. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारखं सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा कायदेशीर हक्क) मिळालेलं गाव असेल तर? २०११ पासून त्यांची ग्रामसभा स्वतः बांबू विकते. स्वतःचं उत्पन्न असलं की कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते.

रानवाट
आमच्याकडे वनहक्काचा दावा अजून झालेला नाही.

पाणलोट
जरा अवांतर: पोरं ओढ्यावर नेमकं काय बघतात? आमच्याही शाळेला करायचंय.

रानवाट
पाणलोट, दगड हळूच उलटून खाली काय चिकटलंय ते बघतो आणि मोजतो. मेफ्लाय या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं भरपूर असतील तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसत्या लाल अळ्याच दिसल्या तर घाण वाढलेली असते. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवायचा. मुलं वहीत नोंद करतात, दर ऋतूत त्याच जागी जातात. हे मार्गदर्शकाशिवाय होत नाही, म्हणून तर जीव तुटतो.

सह्यकडा
शहरातल्या शाळांची निवासी शिबिरं घ्या, शुल्क लावा, त्यातून गावच्या मुलांचं भागवा. आम्ही हेच करतो. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

माळावरचा_मास्तर
आणि मग चांगले मार्गदर्शक हंगामभर शहरी मुलांमागे, गावची शाळा मात्र वाट बघत राहते. जवळून पाहिलंय मी हे.

सह्यकडा
शिबिरं शनिवार-रविवारी, गावच्या शाळा सोम ते शुक्र. वेळापत्रक पाळलं तर अडत नाही. तत्त्व म्हणून मार्गदर्शक बिनपगारी ठेवणार का?

जुना_विश्वस्त
रानवाट, माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत.

रानवाट
माफ करा, धावपळीत राहिलं. ट्रस्ट आहे, नोंदणीला दोन वर्षं झाली. १२ए, ८०जी आहे. सीएसआर-१ नाही. आत्ताचा निधी दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या नावावर येतो.

जुना_विश्वस्त
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं! कंपनीने स्वतः काढलेली नसेल त्या संस्थेला सीएसआर निधीसाठी तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून यंदाही त्या जुन्या संस्थेमार्फतच जा, पण करारात मानधन "कार्यक्रम खर्च" म्हणून वेगळ्या ओळीत लिहून घ्या, प्रत्येक मार्गदर्शकाच्या कामाच्या दिवसांसकट. "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करून घेतलंत तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतं, दर मार्चला जीव टांगणीला लागत नाही. तोवर तुमचा स्वतःचा अनुभव पुरा होईल. आणि एकाच देणगीदारावर राहू नका, सह्यकडाची शिबिरं थोड्या प्रमाणात जोडा.

ताळेबंद
मान्य. मुलांच्या ओढ्याच्या नोंदवह्यांच्या प्रती प्रस्तावाला जोडा. समितीला दाखवायला काहीतरी हातात लागतं.

हिरवी_सावली
ओढ्याकाठी करंज आणि उंबर लावायलाही विसरू नका.

रानवाट
मानधनाची वेगळी ओळ कशी मांडायची त्याचा नमुना कुणाकडे आहे का? जुन्या संस्थेच्या सचिवांना सोमवारी भेटतेय.

जुना_विश्वस्त
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या कराराचा मसुदा पाठवतो. दिवसाचा दर, प्रवासखर्च आणि मार्गदर्शकांचा अपघात विमा या तीन गोष्टी त्यातून गाळू देऊ नका.