तालुक्याच्या वाचनालयाला आरएफआयडी कशाला?

दाखलांक: पंधरा-वीस हजार पुस्तकं आणि देवघेवीला एकच माणूस. तिथे आरएफआयडीचा, म्हणजे पुस्तकात चिपचा टॅग लावून तो रेडिओलहरींनी वाचण्याचा, हट्ट मला पटत नाही. दोन-तीन हजारांचा बारकोड स्कॅनर घ्या, कोहा हे मोफत मिळणारं वाचनालयाचं सॉफ्टवेअर टाका, काम भागतं. लेबलं मात्र साध्या थर्मल कागदावर छापू नका, छपाई उडते. रिबनचा प्रिंटर हवा. बारकोडमध्ये दाखलांकच, म्हणजे दाखल नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांकच घाला आणि लेबल आतल्या पानावर लावा. बांधणी बदलली की वेष्टणावरचं गेलंच.

रॅकवाला: देवघेवीपुरतं ठीक. वार्षिक पडताळणीचं काय? बारकोडसाठी एकेक पुस्तक बाहेर काढून उघडावं लागतं. आरएफआयडीत रीडर फळीवरून फिरवला की झालं. माणूस एकच आहे, म्हणूनच ते हवं.

दाखलांक: एवढं सोपं? आपल्याकडे कपाटं लोखंडी. १३.५६ मेगाहर्ट्झचा टॅग पत्र्याला लागला की रीडर गप्प. एकांकिका, कवितासंग्रह अशा पातळ पुस्तकांत सगळे टॅग एकाच उंचीवर असले की एकमेकांना झाकतात. मग पुस्तक जागेवर असूनही यादीत 'गहाळ'.

रॅकवाला: हा लावणाऱ्याचा आळस. टॅग एका पुस्तकात खाली, पुढच्यात मध्ये, तिसऱ्यात वर लावायचा. पत्र्यालगतची दोन-चार हाताने तपासा.

सूचीवाली: घोडं पेंड खातंय ते नोंदींत! जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत आहेत. त्या युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षर असेल तर जास्तच. त्यामुळे आधी दोनशे नोंदी बदलून दाखल नोंदवहीशी ताडून पाहा. 'दऱ्या'तला 'ऱ्य' संगणकात दोन प्रकारे साठतो. दिसायला एकच, पण एका प्रकाराने शोधलं की दुसऱ्यात साठलेली पुस्तकं येतच नाहीत. एकच प्रकार ठरवून सगळीकडे बदला. शिरवाडकर शोधले तर कुसुमाग्रजही दिसायला हवेत, त्यासाठी लेखकनावांची अधिकृत यादी वेगळी करावी लागते. हे काम कुठलंही यंत्र करत नाही.

अभ्यासिका: आणि एमपीएससीवाली मुलं? ती पुस्तक घरी नेतच नाहीत. त्यांना दिवसभर जागा, टेबलापाशी प्लग आणि चालू आवृत्त्या लागतात. टॅगचे पैसे तिकडे वळवा.

रॅकवाला: वळवा, पण चालू घडामोडींचं पुस्तक वर्षात शिळं होतं. तिथे एकच प्रत, राज्यव्यवस्थेच्या पाच. नाहीतर पुढच्या पडताळणीत तीच रद्दी मोजत बसाल.

दाखलांक: मोजा, पण बारकोडनेच.