नवरा म्हणतो, "सांग, करतो." पण सांगायचं काम कोणाचं?

तापीकाठ (जळगाव): आम्ही दोघं नोकरीवर, घरात सासूबाई आणि दोन मुलं. नळाला दोन दिवसांआड पाणी. सांगितलेलं काम नवरा मनापासून करतो, पण मोटर कधी लावायची, सिलिंडर कधी नोंदवायचा, फीची तारीख कोणती, हे सगळं माझ्याच डोक्यात. निम्मी कामं वाटूनही हा घोर का कमी होत नाही? त्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची वाळवणं तोंडावर आली.

दादरची भाकर: ताई, तुम्ही हातांची कामं वाटलीत, डोक्याची नाही. समाजशास्त्रज्ञ अॅलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये डोक्याच्या कामाचे चार भाग मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. "सांग, करतो" यात हे चारही तुमच्याकडेच राहतात. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. भाजी चिरता चिरता केलेली आठवण त्यात वेगळी दिसतसुद्धा नाही.

म्हणून पाणी हा विषयच पूर्ण भाऊंकडे द्या. शहरी मापाने माणशी रोज 135 लिटर धरलं तर पाच जणांना तीन दिवसांचे दोन हजार लिटर लागतात. टाकी हजाराची असेल तर उरलेलं कशात साठवायचं, ते भाऊंनी ठरवायचं. मे महिन्यात मोठा कूलर दिवसरात्र चालला की शंभराच्या वर लिटर एकटाच पितो, हा हिशेबही त्यांचाच. पिंप आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून वाढायला साधारण आठच दिवस पुरतात. नळ येण्याची वेळ त्यांच्याच मोबाइलच्या अलार्मवर हवी, तुमच्या नाही.

केळीचं खोड (रावेर): वाळवणात तर हे फारच लपतं. कुरडया घालायला एक सकाळ लागते, पण त्याआधी गहू तीन दिवस भिजत ठेवावे लागतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. एक दिवस चुकला की वास मारतो आणि तो चिकात उतरतो. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे घाटायचा. म्हणजे ज्याच्याकडे कुरडया, त्यानेच घालायच्या दिवसापासून उलटे पाच दिवस मोजून भिजवायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. गहू निवडून आणणं, सोऱ्या शोधणं, गच्चीवर धुतलेलं लुगडं अंथरणं, आभाळ आलं तर उचलणं, सगळं त्यातच. फक्त सोऱ्या दाबायला बसणं ही वाटणी नव्हे.

तापीकाठ: आणि त्यांच्याकडून राहूनच गेलं तर? सासूबाई तर मलाच विचारणार.

दादरची भाकर: पहिला महिनाभर राहणारच. आठवण करून दिलीत की काम परत तुमच्याकडे येतं. मात्र "चांगलं" म्हणजे काय ते आधीच बोलून घ्या: टाकी निम्म्याच्या खाली जायला नको, सिलिंडर भरलेला लावला त्याच दिवशी दुसरा नोंदवायचा. औषधं आणि फी यांत चुकीला जागा नाही, ती दुसऱ्या महिन्यात द्या. सासूबाईंना मात्र भाऊंनी स्वतः सांगायचं, "आई, पाण्याचं मला विचारत जा." तुम्ही सांगितलंत तर ती तक्रार वाटेल. रविवारी चहाच्या वेळी पंधरा मिनिटं दोघांनी पुढच्या आठवड्याचं बघायचं आणि ती बैठक एका रविवारी तुम्ही बोलवायची, दुसऱ्या रविवारी त्यांनी.