मदत हवी आहे: नागोयात इंग्रजी शिक्षकांच्या मंडळात शिरायचं कसं?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली नागोयाला झालीय. मार्चअखेर मी आणि लेक (वय ७) मागोमाग जाणार. मी इथं कोल्हापुरात १४ वर्षं इंग्रजी शिकवतेय. आधी शाळेत, आता राजारामपुरीत घराच्या वरच्या मजल्यावर क्लास. नोकरीचं तिथं गेल्यावर बघू. माझी अडचण वेगळीच आहे.

इथं आम्ही पाच-सहा शिक्षक महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतो. संस्था नाही, नाव नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. भेळ संपली की पिशव्यांतून झेरॉक्स बाहेर निघतात. गेल्या पावसाळ्यात माझा प्रेझेंट परफेक्टचा धडा पार आपटला होता. 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यांत फरक काय, हे आठवीच्या पोरांना काही केल्या उमजेना. मी 'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट'चे तक्ते लावून दमले. आमच्यातले एक सर भेळेतली मिरची बाजूला काढत म्हणाले, "अहो, मराठीत 'जेवलो' आणि 'जेवलोय' आहेच की! आई वाढायला उठली तर पोरगं काय म्हणतंय? 'जेवलोय' म्हणतंय. मग झालं की." दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत वर्ग मार्गी लागला.

हेच तिथं मिळणार नाही, याची धास्ती आहे. मागे एकदा परदेशातल्या शिक्षकांच्या ऑनलाइन सत्रात बसले होते. ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा मी एम. ए., बी. एड., अनुभव, सगळं अर्जात लिहितात तसं वाचून दाखवलं. पुढची बाई म्हणाली, "मी लहान मुलांना शिकवते, आणि आत्ता मांजर कीबोर्डवर बसलंय." सगळे हसले. मग दीड तास मी माइक उघडला नाही. त्यातच एकानं 'मग तुमची मातृभाषा इंग्रजी नाही तर' असं म्हटलं. चेष्टेत असेल, पण लागलं.

तर जाणत्यांनो, अशा ठिकाणी नवख्या माणसानं जायचं कसं? सभासद आधी व्हायचं की नुसतं जाऊन बसायचं? आणि मातृभाषा इंग्रजी नसलेल्याला तिथं कितपत विचारतात?

– वरचामजला

प्रतिसाद: पंचगंगाकाठ

ताई, तेवढी भेळ पॅक करून न्या, मंडळ आपोआप जमतंय बघा. मस्करी सोडा. माहिती काही नाही आपल्याला, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. आणि ते 'जेवलोय' लई भारी.

प्रतिसाद: परतलेलापाहुणा

मी जपानात नऊ वर्षं शिकवून परत आलोय. तुम्ही शोधताय ती संस्था म्हणजे जाल्ट, जपान असोसिएशन फॉर लँग्वेज टीचिंग. देशभर तिच्या शाखा आहेत, नागोयातही आहे. दरवर्षी शरदात मोठी परिषद भरते, पण तुम्ही तिच्या नादाला इतक्यात लागू नका. तिथं हजार माणसांत हरवायला होतं. शाखेची बैठक बघा. वीस-पंचवीस खुर्च्या, एक जण काहीतरी सादर करतो, मग चहा नाहीतर जवळच कुठेतरी जेवण. खरी ओळख त्या जेवणात होते. बैठकीला पाच मिनिटं आधी जा आणि शेवटी खुर्च्या आवरायला थांबा. मला पहिलं काम खुर्च्या आवरतानाच कळलं होतं.

बऱ्याच बैठकांना बिगर सभासदांनाही बसू देतात. फार तर थोडी फी पडते. तेव्हा सभासदत्वाची घाई नको. शाखेखेरीज विशेष गट आहेत: लहान मुलांना शिकवणाऱ्यांचा, कॉलेजवाल्यांचा, झालंच तर द्विभाषिकतेचा. लेक सात वर्षांची आहे म्हणता, तर हा शेवटचा घरासाठीही कामाचा. मराठी टिकवायची कशी, हा प्रश्न सहा महिन्यांत दारात येईल.

मातृभाषेचं म्हणाल तर तो टोमणा पुन्हा ऐकाल, खोटं कशाला सांगू? संवादाचे क्लास चालवणारे काही जण जाहिरातीपुरतं गोरं तोंड बघतात. पण शाळांतले जपानी इंग्रजी शिक्षक तुमच्यासारखेच इंग्रजी शिकून शिक्षक झालेत. २०२० पासून तिथं पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय. प्राथमिकच्या कितीतरी शिक्षकांना इंग्रजी शिकवायची सवय नव्हती. त्यांना तुमचे उच्चार नकोत, तो 'जेवलोय'वाला धडा हवाय.

आणि एप्रिलमध्ये कुणाच्या मागे लागू नका. तिथलं शाळेचं वर्ष तेव्हाच सुरू होतं, सगळे बुडालेले असतात. मे महिन्यात गोल्डन वीकची सुट्टी संपली की बघा. व्हिजिटिंग कार्ड छापून घ्या. देताना दोन्ही हातांनी, आणि समोरच्याचं घेतलं की लगेच खिशात कोंबायचं नाही.

प्रतिसाद: शाहूपुरी_गल्ली

एक महत्त्वाचं. नवऱ्याच्या व्हिसावर जाणार असाल तर आधी इमिग्रेशन ऑफिसकडून कामाची परवानगी काढा. ती मिळाली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. ओळखीत कुणी 'ये उद्यापासून' म्हटलं तरी कागद हातात आल्याशिवाय पगारी तास घेऊ नका.

वरचामजला:

सगळ्यांचे आभार. खुर्च्यांचं लक्षात ठेवते.

परतलेलापाहुणा यांचं वाचून म्हटलं, मार्चपर्यंत थांबायचं कशाला? जपान आपल्या साडेतीन तास पुढं. तिथल्या एका शाखेची रविवारची दीडची ऑनलाइन बैठक इथं सकाळी दहाला पडली. भाजी फोडणीला टाकून बसले. ओळख दोन वाक्यांत उरकली. चर्चा काळांवर आली तेव्हा धीर करून 'जेवलो-जेवलोय' सांगितलं. एक जपानी शिक्षिका म्हणाल्या, आमच्याकडे दोन्हीला एकच 'ताबेता', फार तर त्याच्या आधी 'मोउ' (म्हणजे 'ऑलरेडी') लावतो. मग आमच्या पोरांनी काय करायचं?

म्हणजे माझी युक्ती तिथं चालत नाही! भाजी लागली, पण त्यांनी माझा ईमेल मागून घेतलाय. शनिवारी रंकाळ्यावर हा 'मोउ' टाकला तर सर म्हणाले, "मग आपल्या 'झालं'वरनं चढवा की. 'जेवून झालं.'" त्यावर बाकीचे तुटून पडले. अजून एकमत नाही. कुणाला जपानी येत असेल तर इथंच सांगा, मला पुढच्या रविवारच्या आत त्यांना उत्तर लिहायचंय.