केमो चालू असताना गुळवेलीचा काढा चालतो का?

अमळनेरचा पोरगा: आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, जळगावला केमो चालूय, सहापैकी दोन झाल्या, तिसरी सोमवारी. तोंड आलंय, कळण्याची भाकरी तर सोडाच, वरणभातही झोंबतो म्हणते. आता मामांनी निंबावरच्या गुळवेलीचा काढा सुरू करायला लावलाय, वर हळदीच्या गोळ्या आणि सातपुड्याकडच्या कुणा वैद्याची करडी पुडी, तिच्यावर नाव नाही गाव नाही. आई म्हणते डॉक्टरला सांगू नको, ओरडतील. झाडपाला आहे, नुकसान काय होणार असं सगळ्या घराचं मत, मी एकटा पडलोय. कुणी दोन्ही सोबत घेतलंय का?

भुसावळची सून: भाऊ, सासऱ्यांना मीच दीड महिना गुळवेल उकळून दिली. चौथ्या केमोच्या आधी रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की वाढणारा आकडा, इतकं वाढलं की केमो पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं घरी काय देता, तेव्हा पिशवीतून बाटली काढली. ओरडले नाहीत, नुसता कपाळाला हात लावला. गुळवेलीनेच झालं असं ठाम नाही म्हणाले, पण बंद केल्यावर आकडा उतरला. कोरोनात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस छापल्या होत्या, २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं, वाद आहेच, पण केमोत आपल्या माणसावर कशाला करून बघायचं?

मेडिकलवाला, चोपडा: अंगणातली सदाफुली पण झाडपालाच आहे भो, तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध काढतात आणि ते हाताळताना नर्स हातमोजे घालते. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच निघतात, त्यात काढा घुसला की औषध कधी जास्त साचतं कधी कमी पडतं. भाजीतली हळद राहू द्या, गोळ्यांची गोष्ट वेगळी. आणि विनानावाच्या पुडीत पारा, शिसं, स्टेरॉइड काहीही निघतं. स्टेरॉइड असलं की दोन दिवस भूक लागते अन् घरचे म्हणतात बघा गुण आला!! तिन्ही थांबवा, सोमवारी पिशवीत घालून डॉक्टरपुढे ठेवा.

यावलची ताई: माझ्या केमोत प्राणायामाने झोप लागायची, डॉक्टरांनीच करा म्हटलं होतं. तोंडाला मीठ-सोड्याच्या कोमट गुळण्या, मऊ खिचडी. भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध घेऊन येतो, त्यांना म्हणावं रावेरची केळी आणा.

अमळनेरचा पोरगा: पिशवी भरली. आईने पिठाच्या डब्यामागून अजून एक बाटली काढून दिली, कुणी आणली ते सांगत नाहीये.