मदत हवी आहे : डीटीपीवाले विचारतात, "अँकर कोणती टाकू?"

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. आमच्या सोसायटीला यंदा २५ वर्षं होताहेत. स्मरणिका कोणी वाचत नाही, म्हणून वर्तमानपत्रासारखा चार पानी अंक काढायचं ठरलं आणि मराठी बरं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर जमला. काल डीटीपीवाल्या दादांकडे गेले तर त्यांनी विचारलं, "मॅडम, लीड कळली, पण अँकर कोणती? इअर पॅनेलला जाहिरात की सुविचार? इंट्रो बोल्ड करू?" मी नुसती मान हलवून परत आले.

अडचणी आणखीही आहेत. पेपरसारखं दिसावं म्हणून त्यांनी आठ कॉलम पाडलेत, पण ओळींत शब्दांमध्ये भलीमोठी भगदाडं दिसताहेत. सचिवांना अध्यक्षांचं मनोगत पहिल्या पानावर हवंय आणि त्यावर 'अग्रलेख' असं छापायचंय. कागद ए-टू, मधोमध दुमडायचा. जाणकारांनी सांगावं, शुक्रवारी प्रूफ बघायचंय.

नौपाड्याचा जुना उपसंपादक :
ताई, घाबरू नका. लीड म्हणजे पानावरची मुख्य बातमी, सगळ्यात मोठ्या मथळ्याची. अँकर म्हणजे पहिल्या पानाच्या तळाशी आडवी पसरलेली, जरा निवांत वाचायची मानवी गोष्ट. स्टेशनबाहेर स्टॉलवर पेपर घडी घालून ठेवतात तेव्हा वरचा अर्धा भागच दिसतो, म्हणून ताजं आणि महत्त्वाचं घडीच्या वर जातं. अँकर घडीच्या खाली बसते आणि पानाचा तळ तोलून धरते. तुमचे पहिले वॉचमन अजून असतील तर त्यांच्यावर लिहा, याहून चांगली अँकर मिळणार नाही.

अंकाचं नाव ते मास्टहेड. त्याच्या दोन्ही बाजूंच्या चौकोनी जागा म्हणजे इअर पॅनेल, आम्ही नुसतं 'कान' म्हणायचो. इंट्रो म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद. कोण, काय, कुठे, कधी हे तिथेच उरकायचं, कारण जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री शेवटून चालते. मनोगताला हा नियम लावून बघा, शेवटचे तीन परिच्छेद सहज उडतील.

अग्रलेखाचं म्हणाल, तर नावात 'अग्र' असलं तरी तो आतल्या पानावर असतो. पहिल्या पानावर येतो तो एखाद्या मोठ्या प्रसंगीच. शिवाय अग्रलेख ही वर्तमानपत्राची भूमिका असते, त्यावर सहसा लिहिणाऱ्याचं नाव नसतं. सही आणि फोटोसकट असेल ते मनोगतच, तसंच छापा. बातमीआधी 'ठाणे :' असं गावाचं नावही नको, सगळ्या बातम्या एकाच जिन्यातल्या आहेत. मथळ्याला पूर्णविराम देऊ नका, फोटोओळीत 'डावीकडून' विसरू नका. नावं चुकली तर वर्षभर लिफ्टमध्ये ऐकावं लागतं.

कोपरखैरणेकर :
भगदाडांचं कारण कॉलमची रुंदी. आठ कॉलम मोठ्या पेपरला शोभतात, तिथे एक कॉलम साधारण चार सेंमीचा असतो. ए-टू दुमडल्यावर तुमचं पान ए-थ्री, म्हणजे टॅब्लॉइडच्या, छोट्या आकाराच्या पेपरच्या, जवळपास. समास सोडून रुंदी उरते सत्तावीस सेंमी, तिचे आठ भाग केले की मधल्या फटी धरून एका कॉलमला जेमतेम तीन. 'गृहनिर्माण' आणि 'महानगरपालिकेच्या' यांसारखे शब्द त्यात मावणार कसे? दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटल्या की ताण शब्दांमधल्या जागेवर येतो. पाचच कॉलम करा. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

मजकूर व्हॉट्सॲपवरून दिला असेल तर तो युनिकोड आहे, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत. डीटीपीवाले तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बदलून घेत असतील तर प्रूफात 'दुसऱ्या', 'पायऱ्या' असे शब्द आधी तपासा. 'ऱ्य' हमखास फुटतो. इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी सोय चालू आहे ना विचारा, नाहीतर ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला चिकटतो.

आणि पान दोन-तीन ही तुमची जोडपानं आहेत, एकाच कागदाची एक बाजू. सगळ्या रहिवाशांचा मोठा फोटो तिथे सलग टाका, फक्त कोणाचा चेहरा घडीवर येऊ देऊ नका.

धागाकर्ती :
खूप आभार! पाच कॉलम केल्यावर पान एकदम शहाणं दिसायला लागलं. 'तिसऱ्या मजल्या'तला ऱ्य खरंच फुटला होता. वॉचमनकाका अँकर झाले. मनोगत आत जाणार, हे सचिवांना कळवलं. त्यांचा उलट मेसेज आला : "ठीक आहे, पण मग अध्यक्षांचा फोटो कानात मावेल का?"