पाचवी ते आठवीच्या शाळेत पोलीस: वर्दी नको, माणूस हवा

पाचवी ते आठवीच्या शाळेत पोलीस असावा का, या चर्चेत एका ताईंनी लिहिलंय की कायमचा पोलीस बसवला तर मुलं बुजतील. भीती खरी आहे. पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

माझी भाची कोल्हापुरात राजारामपुरीकडच्या एका शाळेत सातवीला. शाळा सुटताना दोन पोरं मोटारसायकलवरून तिच्या रिक्षामामांच्या मागं यायची. महिनाभर पोरीनं घरात सांगितलं नाही. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस." शेवटी शाळेत माहिती द्यायला निर्भया पथकाच्या, म्हणजे मुलींची छेडछाड रोखणाऱ्या पोलीस पथकाच्या, मॅडम आल्या. भाषण संपल्यावर त्या पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर पोरींच्यात बसल्या. तिथं ही बोलली. चप्पलच्या अंगठ्यानं माती उकरत, खाली बघत, पण सगळं बोलली.

बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणं प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बालकल्याण पोलीस अधिकारी, म्हणजे मुलांची प्रकरणं बघणारा अधिकारी, नेमायची तरतूद आहे. पोक्सो, २०१२ हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा तर सांगतो की मुलाचा जबाब घेताना अधिकारी वर्दीत नसावा. म्हणजे मुलं बुजतात हे कायद्यालाही ठाऊक आहे. मग त्याच अधिकाऱ्यानं आठवड्यातून एक दिवस साध्या कपड्यात शाळेत यावं, दरवेळी तोच माणूस. वर्गातली मारामारी, गृहपाठ, केस वाढवलेत, यात त्यानं पडायचं नाही. ते शिक्षकांचं काम. आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू दे. आमच्या पोरीला तो माहीतच नव्हता.