मदत हवी आहे: भिंतीतून काढलेल्या सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेटीत मेणकिडे. माशी उठून जाईल का?

नमस्कार मंडळी,

संगमेश्वरजवळ आमच्या गावी जुन्या घराची मातीची भिंत पाडताना आत सातेरीचं पोळं निघालं. कामगार रॉकेल ओतायला निघाले होते. गावातल्या मधपाळ काकांनी पोळी कापून केळीच्या सोपाने चौकटींना बांधून दिली, राणीसकट माशी पेटीत आली. आठ चौकटींची पेटी मागच्या पडवीत आहे. काका सध्या मुलाकडे मुंबईला.

पाऊस लागून राहिल्यापासून माशी रोडावलीय. पोळी पाच चौकटींवर, माश्या जेमतेम तीनवर. काल तळपाट काढला तर मेणाचा काळपट भुगा, त्यात बारीक काळे दाणे आणि वळवळणाऱ्या अळ्या. कडेच्या जुन्या पोळ्यात पांढऱ्या जाळ्याचे बोगदे. पिल्लांच्या चौकटीवर तर एका सरळ रेषेत घरांची झाकणं उघडी, आत पांढरी पिल्लं, त्यांचे जांभळे डोळेसुद्धा दिसतात! थाई सॅकब्रूडबद्दल (पिल्लं मारणारा विषाणूचा रोग) वाचल्यापासून धसका घेतलाय. हा तोच रोग का?

शिवाय उघडीप मिळाली की दारासमोर गांधीलमाशी घिरट्या घालते आणि पेटीच्या पायांवरून मुंगळे चढतात. कोणी गंधकाची धुरी सांगतं, कोणी डांबराच्या गोळ्या, व्हिडिओत फॉर्मिक ॲसिड. मध नकोच आहे, माशी टिकली पाहिजे. काय करू?

रानफूल:
आधी गंधक आणि गोळ्या बाजूला ठेवा. गंधकाची धुरी माश्या नसलेल्या, साठवणीतल्या पोळ्यांना देतात. भरल्या पेटीत दिलीत तर अळ्यांच्या आधी माश्याच मरतील. फॉर्मिक ॲसिड व्हरोआ गोचिडासाठी, तेही मुख्यतः युरोपीय माशीच्या पेट्यांत. सातेरी हा गोचीड स्वतः अंगावरून काढते आणि तो वाढतो मुख्यतः नरांच्या घरांत. त्याची काळजी सोडा.

सरळ रेषेतली उघडी झाकणं हे मेणकिड्याचं काम. अळी झाकणांच्या खालून बोगदा करत गेली की माश्या तेवढी पट्टी उघडतात. सॅकब्रूडमध्ये पिल्लू कोष व्हायच्या आधीच मरतं, घरात आडवं पसरून पडतं, डोकं वर वळलेलं. चिमट्याने उचललं तर पाण्याची पिशवी बाहेर येते. तुमची पिल्लं डोळे धरण्याइतकी वाढलीत, म्हणजे हा तो रोग दिसत नाही. तरी दोनचार पिल्लं उचलून बघाच.

खरा घोळ माश्यांपेक्षा पोळी जास्त असण्यात आहे. ज्या पोळ्यावर माशी बसलेली नाही तिथे मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो. माश्या झाकतील तेवढ्याच चौकटी ठेवा, कडेची जाळीवाली काढा. पेटीत फळी घालून जागा लहान करा. तळपाट दर आठवड्याला खरवडा, फटीही. तो भुगा अंगणात टाकू नका, जाळा.

माडाखाली:
वरच्याशी सहमत, एक भर. सातेरी जुनं काळं पोळं स्वतःही कुरतडून खाली पाडते, त्यामुळे नुसता भुगा दिसला की घाबरू नये. जाळी आणि अळ्या दिसल्या तर मात्र मेणकिडाच.

मुंगळ्यांसाठी पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि पडवीच्या भिंतीला पेटी टेकू देऊ नका, नाहीतर वाट्यांचा उपयोग शून्य. गांधीलसाठी दार एकदोन माश्या जातील एवढंच ठेवा. सातेरी तिला घोळक्यात कोंडून अंगातल्या उष्णतेने मारते, पण त्याला माश्या पुरेशा हव्यात. साखरेचा पाक, साखर-पाणी निम्मेनिम्मे, संध्याकाळी पेटीच्या आत द्या. सांडला तर मुंगळे आलेच.

राणीची अंडी दिसतात का? अंडी थांबली आणि पिल्लं संपत आली की सातेरी उठते.

धागाकर्ता:
अंडी आहेत! मधल्या चौकटीत, घराच्या तळाशी एकेक. दाराला राणीगेट (राणीला बाहेर पडू न देणारी जाळी) लावून ठेवू का? आणि काढलेली पोळी फ्रीजरमध्ये ठेवून परत देता येतील का?

माडाखाली:
अंडी आहेत तर गेट नको. नर त्यात अडकून मरतात आणि दार तुंबतं. उपाशी माशी कोंडण्यापेक्षा पाक द्या.

रानफूल:
पांढरं, धड पोळं असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडीसुद्धा मरतात. मग घट्ट पिशवीत बांधून ठेवा आणि माश्या वाढल्या की एकेक द्या. काळी, जाळी धरलेली पोळी परत देऊ नका. वितळवून मेण करा.